सा-ग, प-नि : मेजर सेव्हन्थचा गोडवा येतो कुठून?

गिटार शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या काही महिन्यांतच कॉर्डचा तक्ता येतो. सहा उभ्या रेघा म्हणजे सहा तारा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा म्हणजे फ्रेट, अर्थात गिटारचे पडदे, आणि बोटे कुठे ठेवायची हे दाखवणारे काळे ठिपके, असे त्याचे स्वरूप. मेजर आणि मायनर या दोन कुळांशी ओळख होईपर्यंत सारे सुरळीत चालते. पुढच्या पानावर मात्र 'सी सेव्हन' आणि 'सी मेजर सेव्हन' ही दोन नावे शेजारी शेजारी दिसतात आणि गोंधळाला सुरुवात होते. नावांत फरक एका शब्दाचा. पण वाजवून पाहिले तर दोहोंचे स्वभाव पार वेगळे. पहिली कॉर्ड कानावर पडताच आता पुढे काहीतरी घडले पाहिजे, अशी ओढ लागते. दुसरी जागच्या जागी तरंगत राहते. तिच्यात आनंद आहे म्हणावे तर त्याला हुरहुरीची कड आहे, आणि दुःख म्हणावे तर ते कुठेच बोचत नाही.

बहुतेक विद्यार्थी ठिपके पाठ करतात आणि पुढे जातात. कॉर्ड वाजते, पण ती अशी का वाजते हे उमगत नाही. उमगले नाही की ती कुठे वापरावी आणि कुठे टाळावी हेही कळत नाही. त्यात मराठी घरांत एक जुना समज रुजलेला आहे. आपले संगीत एकेरी सुरांचे, एकामागून एक येणाऱ्या स्वरांचे. अनेक सूर एकदम वाजवणे ही पाश्चात्त्यांची रीत. त्यामुळे गिटार शिकणारी नातवंडे कॉर्डकडे परके सूत्र म्हणून पाहतात आणि तंबोऱ्यावर वाढलेले आजी-आजोबा तिच्याकडे आगंतुक म्हणून पाहतात. मेजर सेव्हन्थ या एका कॉर्डची नीट उकल केली, तर हा समज किती अपुरा आहे हे ध्यानात येते.

आकडा सातचा, निषाद दोन

साधी मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग आणि प हे तीन शुद्ध स्वर. पेटीवरची पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्यांचा 'सी'. तो सा मानला तर ग म्हणजे 'ई' आणि प म्हणजे 'जी'. या तिघांवर सा पासून मोजलेला सातवा स्वर, म्हणजे नि ठेवला की सेव्हन्थ कॉर्ड तयार होते. मात्र निषाद दोन आहेत. कोमल नि ठेवला तर 'सी सेव्हन' होते. शुद्ध नि ठेवला तर 'सी मेजर सेव्हन'. म्हणजे नावातला 'मेजर' हा शब्द येथे गंधाराविषयी बोलत नाही, तो निषादाविषयी बोलतो.

कोणतेही विशेषण न लावता नुसता सातचा आकडा लिहिला, तर तो कोमल निषादाचा, असा संकेत आहे. यामागे कारण आहे. शुद्ध स्वरांच्या सप्तकात पंचमावर कॉर्ड उभारली तर प, नि, रे, म असे स्वर मिळतात. पंचमालाच क्षणभर सा मानले, तर त्यातला मध्यम हा त्याचा कोमल निषाद ठरतो. पंचमावरून षड्जाकडे परतणारी ही कॉर्ड पाश्चात्त्य संगीतात शतकानुशतके इतकी वापरली गेली, की नुसत्या 'सेव्हन' या नावावर तिचाच हक्क राहिला. शुद्ध निषादाच्या कॉर्डला मग वेगळी खूण द्यावी लागली. छापील वह्यांत तिच्यासाठी कुठे 'मेज सेव्हन', कुठे मोठ्या लिपीतला 'एम' आणि सात, तर जॅझच्या कागदांवर छोटा त्रिकोण आढळतो. लहान लिपीतला 'एम' मात्र मायनरचा. या एका अक्षराच्या आकारावरून अनेकांची गाणी बिघडतात.

अर्धस्वरांच्या भाषेत सांगायचे तर सा पासून ग चार अर्धस्वरांवर, प सातांवर, कोमल नि दहांवर आणि शुद्ध नि अकरांवर येतो. बाराव्या अर्धस्वरावर तार सप्तकाचा सा उभा असतो. शुद्ध निषाद त्याच्या दारात, अवघ्या एका पावलावर थांबलेला असतो. मेजर सेव्हन्थची सारी हुरहूर या एका पावलाची आहे.

शिरपामाळापासून मिरजेपर्यंत

एकाच वेळी अनेक सूर ऐकण्याची सवय मराठी कानाला नव्हती, हे विधान तपासण्यासाठी शहरापासून थोडे दूर जावे लागते. पालघर जिल्ह्यातील जव्हारच्या पठारावर शिरपामाळ आहे. १६६४ च्या सुरत मोहिमेवर जाताना छत्रपती शिवाजी महाराज येथे थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांना शिरपेच अर्पण केला, अशी आठवण या माळाच्या नावामागे सांगितली जाते. पर्यटक ती ऐकून परततात. मात्र याच जव्हार-मोखाड्याच्या मुलखात वारली आणि कोकणा समाजांनी जपलेले तारपा हे वाद्य संगीताच्या विद्यार्थ्याने आवर्जून ऐकावे असे आहे. वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, अशी त्याची घडण. भातकापणीच्या हंगामात वादक मध्यभागी उभा राहतो आणि हातात हात गुंफलेल्या स्त्री-पुरुषांचे वेढे त्याच्याभोवती फिरतात; वारली चित्रांतून हे दृश्य जगभर पोहोचले आहे. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील भिकल्या लाडक्या धिंडा हे या वाद्याचे ख्यातनाम वादक.

तारप्यात एकाच श्वासावर दोन नळ्या बोलतात. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे नादात खंड पडत नाही. पाश्चात्त्य अर्थाने ही काही कॉर्ड नव्हे. पण एक सूर दुसऱ्या सुराच्या सान्निध्यात ऐकणे, त्यांचे घासणे आणि मिसळणे अनुभवणे ही कानाची सवय तिथे आहेच. ती कुणी परक्याने आणून दिलेली नाही.

शास्त्रीय संगीतात हीच सवय तंबोऱ्याने घडवली. त्यालाही भोपळाच लागतो. मिरजेचे कारागीर तो घडवतात, आणि मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. नेहमीच्या जुळणीत तंबोऱ्याच्या चार तारा प, सा, सा आणि खर्जाचा सा अशा लावतात. ऐकू मात्र दोनच स्वर येतात असे नाही. जवारी नीट लागलेली असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार स्पष्टपणे उमटतो. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

ही काही जादू नाही. कोणतीही तार छेडली की ती संपूर्ण लांबीने कंप पावते, आणि त्याच वेळी अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्शांतही कंप पावते. प्रत्येक हिश्शाचा आपला सूक्ष्म सूर असतो. खर्जाच्या तारेचा तिसरा हिस्सा पंचम देतो आणि पाचवा हिस्सा गंधार. आता हाच नियम पंचमाच्या तारेला लावून पाहावा. सा च्या तारेतून जसा ग निघतो, तसा प च्या तारेच्या पाचव्या हिश्शातून, प पासून तितक्याच अंतरावरचा स्वर निघतो. तो स्वर म्हणजे शुद्ध निषाद.

म्हणजे सा आणि प एवढ्याच स्वरांवर लावलेला तंबोरा प्रत्यक्षात सा, ग, प, नि हे चारही स्वर हवेत सोडत असतो. मेजर सेव्हन्थ कॉर्डचे स्वर नेमके हेच. गिटारवर जे चार स्वर बोटांनी एकत्र आणावे लागतात, ते तंबोऱ्याच्या नादात मंदपणे दडलेले असतात.

षड्ज-पंचम भाव

या कॉर्डच्या गोडव्याचे कारणही येथेच सापडते. सा आणि ग यांच्यात चार अर्धस्वरांचे अंतर आहे. प आणि नि यांच्यातही चारच. सा-ग ही एक जोडी, प-नि ही तिचीच पंचमावर बसवलेली प्रतिकृती. आपल्या शास्त्रात ज्याला षड्ज-पंचम भाव म्हणतात, त्या नात्याने या दोन जोड्या बांधलेल्या आहेत. म्हणूनच नि आणि सा यांच्यात तणाव असूनही कॉर्ड विस्कटत नाही. निषादाला सा शी जुळत नसले तरी पंचमाचा आणि गंधाराचा आधार असतो.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. खालचे तीन स्वर, सा-ग-प, ही मेजर कॉर्ड आहे. वरचे तीन स्वर, ग-प-नि, ही मायनर कॉर्ड आहे. पांढरी एकच्या हिशेबात खाली 'सी मेजर' आणि वर 'ई मायनर'. प्रसन्न आणि उदास अशा दोन कॉर्ड दोन सामाईक स्वरांनी एकमेकींत गुंतलेल्या असतात. ऐकणाऱ्याला आनंद आणि हुरहूर एकत्र जाणवते, त्याचा स्वरांतला आधार हाच.

रागसंगीताशी तुलना करताना मात्र सावध राहावे लागते. यमनात गंधार वादी आणि निषाद संवादी, बिहागातही तसेच. सा, रे, ग, प, नि या पाच स्वरांचा हंसध्वनी कर्नाटक संगीतातून आला आणि मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांनी तो हिंदुस्थानी मैफलीत रुजवला. त्याचे पाचही स्वर एकदम वाजवले, तर मेजर सेव्हन्थमध्ये ऋषभ मिळवलेली 'मेजर नाइन्थ' कॉर्ड तयार होते. परंतु स्वर तेच असले म्हणून राग म्हणजे कॉर्ड होत नाही. रागात निषाद कुठून येतो, किती थांबतो, कसा सा वर विसावतो, यात सारा अर्थ असतो. कॉर्डमध्ये निषाद प्रवास करत नाही. तो आपल्या जागी उभा राहतो आणि भोवतीचे स्वर त्याला अर्थ देतात.

सहा कॉर्ड, एकच नियम

आता गिटारकडे वळू. सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड सहावी. पहिलीपासून सहावीपर्यंत त्यांची जुळणी ई, बी, जी, डी, ए, ई अशी असते. नवशिका 'सी मेजर' वाजवताना अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर ठेवतो. पहिली आणि तिसरी तार मोकळी सोडतो आणि सहावी वाजवत नाही. या कॉर्डमध्ये सा दोनदा येतो : पाचव्या तारेवर खालचा आणि दुसऱ्या तारेवर वरचा. आता तर्जनी फक्त उचलावी. दुसरी तार मोकळी होते आणि तिच्यावरचा सा एक अर्धस्वर उतरून नि होतो. 'सी मेजर सेव्हन' तयार होते. नवे बोट ठेवावे लागत नाही, एक बोट काढावे लागते.

हाच नियम इतर कॉर्डनाही लागू पडतो. मेजर कॉर्डमध्ये सा एकापेक्षा अधिक वेळा आलेला असतो. त्यांपैकी वरचा एक सा एक फ्रेट मागे घ्यायचा.

'ए मेजर'मध्ये दुसरी, तिसरी आणि चौथी या तारा दुसऱ्या फ्रेटवर दाबलेल्या असतात. तिसऱ्या तारेवरचे बोट पहिल्या फ्रेटवर आणले की 'ए मेजर सेव्हन' होते. 'डी मेजर'मध्ये दुसऱ्या तारेवरचे बोट तिसऱ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर आणायचे; मग पहिल्या तिन्ही तारा दुसऱ्या फ्रेटवर येतात आणि एकट्या आडव्या तर्जनीने काम भागते. 'जी मेजर'मध्ये पहिल्या तारेवरचे बोट तिसऱ्यावरून दुसऱ्या फ्रेटवर घ्यायचे. 'ई मेजर'मध्ये चौथ्या तारेवरचे बोट दुसऱ्यावरून पहिल्या फ्रेटवर न्यायचे.

'एफ मेजर' ही नवशिक्यांची परीक्षा. तर्जनीने सहाही तारा पहिल्या फ्रेटवर दाबण्यात हाताची दमछाक होते. पण पहिल्या तारेवरचा सा सोडून तार मोकळी ठेवली की तिथे नि येतो. चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका, तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मधले बोट, दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर तर्जनी आणि पहिली तार मोकळी, एवढ्यात 'एफ मेजर सेव्हन' वाजते. जाड दोन तारा मात्र टाळायच्या. अवघड 'एफ'ला पर्याय म्हणून ही कॉर्ड अनेक वर्गांत शिकवली जाते. तो पर्याय आहे, पण ती निराळी कॉर्ड आहे, हेही विद्यार्थ्याला सांगितले गेले पाहिजे.

एकदा हा नियम कळला की सहा चित्रे पाठ करण्याची गरज उरत नाही. आपल्या कॉर्डमधला वरचा सा कोणत्या तारेवर आहे, एवढे शोधता आले की पुरते.

थांबलेला निषाद कुठे शोभतो?

शुद्ध स्वरांच्या सप्तकात मेजर सेव्हन्थ दोन ठिकाणी आपोआप तयार होते. एक सा वर : सा, ग, प, नि. दुसरी मध्यमावर : म, ध, सा, ग. या दोन कॉर्ड आळीपाळीने वाजवल्या की झोपाळ्यासारखी लय निर्माण होते. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १८८८ मध्ये पियानोसाठी लिहिलेल्या पहिल्या 'जिम्नोपेदी'ची सुरुवात याच झुल्यावर आहे. तिथे 'जी मेजर सेव्हन' आणि 'डी मेजर सेव्हन' या दोनच कॉर्ड संथपणे येत-जात राहतात. गिटारवर 'सी' आणि 'एफ' यांच्या मेजर सेव्हन्थ घेतल्या तर हाच अनुभव घेता येतो, आणि बोटांचीही सोय होते. अनामिका आणि मधले बोट आपला आकार न मोडता एकेक तार खाली सरकतात, तर्जनी तेवढी येते आणि जाते.

दुसरा वापर वाटेवरच्या पायरीचा. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांचे १९६९ मधील 'समथिंग' हे गीत 'सी', 'सी मेजर सेव्हन', 'सी सेव्हन' आणि मग 'एफ' अशा क्रमाने उलगडते. आतल्या आत एक स्वर पायऱ्या उतरत असतो : सा, शुद्ध नि, कोमल नि, ध. बाकीची कॉर्ड जवळजवळ स्थिर राहते. मेजर सेव्हन्थ येथे मुक्काम नाही, उताराची पहिली पायरी आहे. पुढे येणारा कोमल निषाद गाण्याला मध्यमाच्या कॉर्डकडे खेचून नेतो. दोन सेव्हन्थमधला फरक इतक्या थोडक्यात दाखवणारे उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. तिसरा वापर वातावरणाचा. ब्राझीलमधील बोसा नोव्हा शैलीने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून नायलॉनच्या तारांच्या गिटारवर चार-पाच सुरांच्या अशा कॉर्डना घरचे स्थान दिले, आणि जगभरातल्या सुगम संगीताने तो रंग उचलला.

गोव्याहून मुंबईला

मराठी श्रोत्याच्या कानावर हा रंग बराच आधी पडला होता, तो चित्रपटगीतांतून. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये अमेरिकेचे लिऑन ॲबी आपला जॅझ वाद्यवृंद घेऊन आले. त्या काळात शहरात जी जॅझची हवा तयार झाली, तिच्यात गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा होता. गोव्यातील चर्चशी जोडलेल्या संगीतशाळांत त्यांनी पाश्चात्त्य स्वरलेखन आणि हार्मनी लहानपणीच आत्मसात केली होती. रात्री हॉटेलांत वाजवणारे हे वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला हजर असत. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात चिक चॉकलेट यांच्या वाद्यवृंदाचा बाज उघड ऐकू येतो. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी वाद्यमेळाची रचना केली. चाल संगीतकाराची असे; तिच्याखाली कोणते स्वर एकत्र उभे करायचे हे काम अशा संयोजकांकडे असे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिल्या. रागाची चाल न मोडता तिच्याखाली हार्मनी कशी ठेवावी, हा प्रश्न त्यांनी प्रत्यक्ष रचनेतून हाताळला. हाच प्रश्न आज गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा घरगुती मैफलीत भावगीताला साथ करणाऱ्या तरुण गिटारवादकापुढे असतो. फक्त तो तसा मांडला जात नाही.

गायकाचा सा, गिटारचा नि

साथीला बसलेल्या वादकाला मेजर सेव्हन्थचा मोह आवरत नाही. साध्या मेजरऐवजी ती वाजवली की गाणे 'भारी' वाटते, असा अनुभव असतो. पण मराठी भावगीतांच्या आणि अभंगांच्या बहुतेक चाली शेवटी सा वर विसावतात. गायक तार षड्जावर स्थिरावला असताना गिटारवर त्याच्या लगतचा निषाद ठणठणीत वाजत असेल, तर दोन सूर एकमेकांना घासतात. गायकाला आपलाच सा डगमगल्यासारखा वाटतो. चूक कुणाचीच दिसत नाही, तरी काहीतरी बिनसलेले असते. अशा ठिकाणी साधी सा-ग-प कॉर्ड घ्यावी हेच उत्तम. चाल ग, प, रे किंवा नि वर थांबत असेल, तर मात्र मेजर सेव्हन्थ खुलून येते.

नि हा खालच्या सा पासून अकरा अर्धस्वरांवर असला की मृदू लागतो. त्याच निषादाच्या लगेच वर सा आला की बोचतो. मोकळ्या तारांच्या 'ई मेजर सेव्हन'मध्ये याचा प्रत्यय येतो. चौथ्या तारेवर नि आणि त्याच्यावर तेरा अर्धस्वरांनी पहिल्या तारेचा मोकळा सा वाजत राहतो, त्यामुळे ही कॉर्ड 'ए' किंवा 'डी'च्या बहिणींइतकी मऊ लागत नाही. पहिली तार हलकेच थोपवली तर फरक लगेच जाणवतो.

आणखी एक भेद सूक्ष्म आहे. गिटारचे फ्रेट समान अंतराच्या मापाने बसवलेले असतात. एका अर्धस्वराचे शंभर भाग, म्हणजे शंभर सेंट धरले, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ३८६ सेंटवर येतो आणि गिटारचा ४०० वर; निषाद तिकडे १०८८ वर, इकडे ११०० वर. म्हणजे गिटारचे हे दोन्ही स्वर किंचित चढे असतात. समान अंतराच्या याच पट्टीमुळे आणि मींड न निघण्यामुळे पेटीवर टीका झाली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी १९७१ मध्ये अंशतः उठली. गिटारवादकाने यावरून एवढाच धडा घ्यावा की गायक गंधारावर किंवा निषादावर ठेहराव घेत असेल, तेव्हा तो स्वर जोराने वाजवून त्याच्याशी स्पर्धा करू नये. कॉर्ड हळू छेडून विरू द्यावी.

गायकाची पट्टी सांभाळण्यासाठी कॅपो हा चिमटा उपयोगी पडतो. गायक काळी एकमध्ये गात असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून 'सी'चे आकार वाजवावेत. काळी पाच असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि 'ए'चे आकार, काळी चार असेल तर चौथ्या फ्रेटवर कॅपो आणि 'ई'चे आकार. सा बदलतो, वरचा सा एक फ्रेट मागे घेण्याचा नियम बदलत नाही.

कानाचा सराव

बोटांचा सराव सारेच करतात. या कॉर्डसाठी कानाचा सराव अधिक मोलाचा. 'ए मेजर' वाजवावी आणि तिसऱ्या तारेवर लक्ष ठेवून सा गुणगुणावा. मग त्याच तारेवरचे बोट पहिल्या फ्रेटवर आणून शुद्ध नि गावा. मग तार मोकळी सोडून कोमल नि गावा. 'ए', 'ए मेजर सेव्हन' आणि 'ए सेव्हन' या तीन कॉर्ड अशा एकाच तारेवर उलगडतात. आठवडाभर रोज दहा मिनिटे असे गायल्यावर तक्त्यातली ती दोन नावे पुन्हा सहसा गोंधळात टाकत नाहीत, कारण तोवर ती दोन निषादांची नावे झालेली असतात.

त्यानंतर तंबोरा घ्यावा. खरा नसेल तर इलेक्ट्रॉनिक किंवा मोबाइलवरचाही चालेल. तो पांढरी एकमध्ये, सा-प वर लावावा. दोन-तीन मिनिटे काहीच न वाजवता नुसते ऐकावे, खर्जातला गंधार शोधावा, मग पंचमाच्या तारेतला निषाद. तो सापडायला वेळ लागतो, कारण तो फार मंद असतो. सापडल्यावर गिटारवर 'सी मेजर'ची तर्जनी उचलावी आणि सहापैकी पाच तारा अगदी हळू, एकेक करून छेडाव्यात. तंबोऱ्यात जे दडलेले होते तेच आता उघडपणे वाजत आहे, हे त्या वेळी कुणी समजावून सांगावे लागत नाही.